हजेरीपटावरची मागची नावे

(दहावी १९८५ तुकडीच्या होटगी येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम. सलाम हा शब्द मुद्दाम वापरला. आमच्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत वडीलधाऱ्यांना आजही सलाम करतात. दहावीपर्यंत मी तुमच्याबरोबर शिकलो, पण हा शब्द रोज शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत यायचो. आज चाळीस वर्षांनी तो आत आणला आहे.

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू चर्चच्या कमिटीवर आहेस म्हणे. तुमच्याकडं नेमकं काय चालतं, ते नाताळच्या करंज्यांपलीकडं आम्हाला कधी कळलंच नाही. त्यावर बोल." करंज्यांचं खरं आहे. आई डबाभर द्यायची आणि मधली सुट्टी व्हायच्या आत तो रिकामा व्हायचा. माझ्या वाट्याला एखादी आली तर आली.

मी हो म्हटलं. पण चर्चची थोरवी सांगायला मी उभा राहिलेलो नाही. तिथं माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायची आहे. कारण त्या चुकीनं मला थेट आपल्या वर्गाच्या शेवटच्या बाकापाशी आणून सोडलं.

आमचं घर होटगी स्टेशनावर, रेल्वेच्या चाळीत. वडील गँगमन. आपलं होटगी जंक्शन आहे याचा त्यांना फार अभिमान. मुंबई-पुण्याकडून येणारी लाईन सरळ वाडीकडं जाते आणि इथूनच विजापूर-गदगची लाईन फुटते. आपल्या लहानपणी ती मीटरगेज होती हे तुम्हा सर्वांना आठवत असेल. दोन मापांचे रूळ जिथं भेटतात तिथं एका लाईनीचा डबा दुसऱ्या लाईनीवर चालत नाही. माल उतरवायचा, पाठीवर घ्यायचा आणि पलीकडच्या डब्यात भरायचा, एवढाच उपाय. वडील म्हणायचे, "लोकांना वाटतं जंक्शन स्टेशनमास्तर चालवतो. हमाल एक दिवस बसू दे, मग कळंल."

रविवारी वडिलांच्या पासावर आम्ही सगळे पॅसेंजरनं सोलापूरला उपासनेला जायचो. पुढं मी सोलापुरातच नोकरीला लागलो, त्यामुळं तेच चर्च कायमचं माझं झालं. इमारतीला आम्ही चर्च म्हणतो आणि तिथल्या माणसांना मंडळी म्हणतो. सोलापूर भागातलं प्रॉटेस्टंट काम अमेरिकन मराठी मिशननं उभं केलं. हे मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ साली अहमदनगरला गेलं आणि तिथून पुढं आपल्याकडं पोहोचलं. नगर-सोलापूरकडच्या या मंडळ्यांत बहुतेक माणसं गावकुसाबाहेरची होती. ज्यांना पाणवठ्यावर जागा नव्हती, अशी. माझे पूर्वजही त्यांतलेच.

आता तुम्ही म्हणाल, ज्यांना गावानं मागं बसवलं, ते तरी आपल्या चर्चमध्ये कोणाला मागं बसवणार नाहीत. मलाही असंच वाटायचं. पण तसं होत नाही. आमच्यातही कोण आधी बाटला, कोण कोणत्या वस्तीतला, कोणाचा मुलगा इंजिनिअर आणि कोणाचा मुलगा झाडूवाला, हे सगळं चालत आलं. मागं बसलेल्या माणसाला पुढची जागा मिळाली की तो आधी मागं वळून बघतो, तिथं आता कोण बसलंय ते. मीही बघितलं.

आमच्या चर्चमध्ये एक मुका-बहिरा माणूस होता. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. त्याला आई होती, दुसरं कोणी नव्हतं. रविवारी तो सगळ्यांच्या आधी यायचा. सतरंज्या झटकायचा, बाक पुसायचा आणि घंटा वाजवायचा. स्वतःला ती घंटा ऐकू येत नव्हती. दोर सुटताना हाताला जो हिसका बसतो त्यावरून त्याला ठोका कळायचा. मग तो दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात 'उपासना संगीत'चं पुस्तक द्यायचा. जुन्या सभासदांची स्वतःची पुस्तकं चर्चच्या कपाटातच असायची. त्याला वाचता येत नव्हतं, तरी कव्हरावरून, फाटलेल्या कोपऱ्यावरून कोणतं पुस्तक कोणाचं हे तो बरोबर ओळखायचा. एकदाही चूक झाल्याचं मला आठवत नाही.

उपासना संपली की दोन-तीन पुस्तकं त्याच्या हातात उरायची. ती तो कपाटात न ठेवता पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवून जायचा. मी कमिटीचा खजिनदार. मला वाटायचं, हा आळस करतो. मी दोनदा त्याला खुणेनं सांगितलंही, की कपाटात ठेव. त्यानं मान हलवली आणि पुढच्या रविवारी पुन्हा टेबलावर ठेवली.

२०१६ साली आम्ही चर्चची दुरुस्ती काढली. मी पुढाकार घेतला, देणग्या गोळा केल्या. भिंतींना रंग दिला, नवी ध्वनियंत्रणा बसवली. प्रोजेक्टर आणला, म्हणजे गीतं पडद्यावर दिसतील, पुस्तकांची कटकट नको. घंटेचा दोर जीर्ण झाला होता, म्हणून बटण दाबलं की वाजणारी विजेची घंटा बसवली. झाडलोटीला बाई ठेवली. मग प्रश्न आला या माणसाचा. मीच ठराव मांडला की इतकी वर्षं त्यानं सेवा केली, आता त्याला विश्रांती द्यावी. दरमहा पंधराशे रुपये मदत द्यावी आणि पुढच्या रांगेत त्याला मानाची खुर्ची द्यावी. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या रात्री मी घरी जाऊन पत्नीला सांगितलं, आज एक चांगलं काम झालं.

तीन रविवार तो त्या खुर्चीवर बसला. चौथ्या रविवारी आला नाही. त्यानंतर आलाच नाही. पैसे दरमहा घरपोच जात होते, त्यामुळं कोणाला काही टोचलं नाही. मलाही नाही.

आता दुसरी गोष्ट. आमच्या मंडळीत एक म्हातारी बाई होत्या. तरुणपणी त्या बायबल बाई होत्या, म्हणजे खेडोपाडी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या आणि जमेल तसं अक्षर शिकवणाऱ्या. त्या एकट्या राहायच्या, पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या चाळीत. एका सकाळी त्या न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. दूधवाल्याला आतून आवाज आला, त्यानं शेजाऱ्यांना बोलावलं. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि नंतर घरी आणून पाळीपाळीनं त्यांचं सगळं केलं. भाकरी, औषध, अंथरूण बदलणं, सगळं. ते काही आमच्या मंडळीतले नव्हते. मंडळी पडद्यावरची गीतं गात होती.

मला हे कसं कळलं, तेही सांगतो. दर महिन्याला वर्गणीची पाकिटं मी मोजतो. पाचव्या आठवड्यात पाकिटं मोजताना लक्षात आलं, बाईंचं पाकीट आलेलं नाही. म्हणून चौकशी केली. माणूस दिसत नाही, हे मला समजलं नाही. पाकीट दिसत नाही, हे समजलं.

मी आणि नवे पाळकसाहेब त्यांच्या घरी गेलो. त्या तक्रारीचं एक अक्षर बोलल्या नाहीत. शेजारणीला चहा टाकायला सांगितलं. मग मला विचारलं, "माझं पुस्तक कोणाकडं आहे?" मला आधी प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "मी एक रविवार आले नाही की त्याच दिवशी संध्याकाळी आधीचे पाळकसाहेब दारात यायचे. मी विचारायची, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणायचे, तुमचं पुस्तक टेबलावर होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या चर्चमध्ये हजेरी घेणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी खुर्ची देऊन बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो घरात नव्हता. त्याची आई होती. ऐंशीच्या पुढची, पण आवाज खणखणीत. तिनं मला बसायला पाट दिला आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही पैसे देता, उपकार आहेत. नाही म्हणत नाही. पण त्याचा रविवार तुम्ही काढून घेतला." मी काहीतरी समजावायला गेलो, की विश्रांती, मान वगैरे. ती म्हणाली, "मानाची खुर्ची पाव्हण्याला देतात. घरच्या माणसाला काम सांगतात."

मित्रहो, पाव्हणा आणि घरचा माणूस यांतला हा फरक मला पन्नाशी उलटल्यावर एका निरक्षर बाईनं शिकवला. आणि गंमत म्हणजे हे आमच्या शास्त्रात लिहिलेलं आहे, मी ते शंभरदा ऐकलेलं आहे. संत पौलानं करिंथ नावाच्या शहरातल्या मंडळीला इसवी सन ५५ च्या सुमारास पत्र लिहिलं. हे करिंथ कसं होतं, तर आपल्या होटगीसारखं, फक्त फार मोठं आणि श्रीमंत. एका चिंचोळ्या भूमीवर वसलेलं, दोन बाजूंना दोन समुद्र, दोन बंदरं. एका समुद्रातला माल उतरवून जमिनीवरून पलीकडच्या समुद्राकडं न्यायचा. म्हणजे व्यापारी आले, गुलाम आले आणि हमालही आले. मंडळीतही हे सगळेच होते. ते एकत्र जेवायला जमायचे, पण ज्यांना वेळ होता ते आधीच खाऊन-पिऊन घ्यायचे आणि बाकीचे उपाशी राहायचे. पौल त्यांच्यावर चिडला आहे. पुढं तो त्यांना शरीराचा दाखला देतो. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर असं, की डोळा हाताला म्हणू शकत नाही की तुझी मला गरज नाही. आणि जे अवयव दुबळे वाटतात, त्यांच्यावाचून तर शरीराचं चालतच नाही.

मी हा उतारा नेहमी असा ऐकायचो की दुबळ्यांवर दया करा. तसं तिथं म्हटलेलंच नाही. त्यांच्यावाचून तुमचं चालत नाही, असं म्हटलं आहे. दया करणं मला जमलं होतं, ठराव करून महिना पंधराशे रुपयांत जमलं होतं. 'आमचं तुझ्यावाचून अडलंय' हे म्हणणं मला जड गेलं.

त्याच सुमारास मी केडगावला जाऊन आलो. केडगाव आपल्याच लाईनीवर, दौंडच्या पुढं पुण्याच्या बाजूला. पॅसेंजरनं जाताना कितीदा त्या स्टेशनावर गाडी थांबली असेल, पण मी कधी उतरलो नव्हतो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. रमाबाई आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपासमारीनं अर्धमेल्या झालेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुढं १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. केडगावला दीड हजाराहून जास्त जणी राहू लागल्या. त्यांत आंधळ्या होत्या, म्हाताऱ्या होत्या, आजारी होत्या, ज्यांना समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलं होतं अशाही होत्या.

तिथं रमाबाईंनी त्यांना नुसतं पोसलं नाही. शेती, विणकाम, स्वयंपाक, दवाखाना, सगळ्या ठिकाणी त्यांनाच उभं केलं. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली आणि तिनं आंधळ्या मुलींना वाचायला शिकवलं. त्यांतल्या काही पुढं स्वतः शिकवू लागल्या. आणि रमाबाईंनी छापखाना काढला. आयुष्याची अखेरची कित्येक वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. त्या पुस्तकाचे खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

ज्या मुलींना दुष्काळात कोणी वाटीभर पेज द्यायला तयार नव्हतं, त्यांच्या बोटांनी जुळवलेलं ते पुस्तक. त्या मंडळीत आल्या तेव्हा त्यांच्याकडं बघून कोणीही म्हणालं असतं, यांना आयुष्यभर पोसावं लागणार. रमाबाईंनी त्यांच्याकडं काम मागितलं. नुसतं वेळ घालवायला दिलेलं काम नव्हे, अडलेलं काम मागितलं.

आणखी एक नाव घेतो, कारण ते मला याच शाळेत कळलं. लक्ष्मीबाई टिळक. मराठीच्या तासाला सरांनी 'स्मृतिचित्रे'बद्दल सांगितलं आणि सगळा वर्ग हसून लोळला होता. सर, आपल्याला आठवत असेल. सर त्या दिवशी म्हणाले होते, ही बाई शाळेत गेलेली नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, आणि लक्ष्मीबाई म्हणजे टिळकांची बायको, एवढीच त्यांची ओळख कितीतरी वर्षं होती. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात आले. आज ख्रिस्ती नसलेल्या घरांतही ते पुस्तक सापडतं. आणि मी वर्गात हसत होतो पण कोणाला सांगितलं नाही, की सर, ह्या आमच्यातल्या. तेवढा धीर नव्हता.

असो. त्या माणसाकडं परत येतो. आम्ही त्याला बोलावलं. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी घंटेला नवा दोर लावून घेतला. पुस्तकांचं कपाट उघडून, धूळ झटकून दारात टेबलावर मांडली. तिसऱ्या रविवारी तो आला. घंटेकडं बघितलंही नाही. सरळ पुस्तकांपाशी गेला, ढीग उपसला आणि एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. बाईंचं होतं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते त्याच संध्याकाळी पोहोचवलं. दोन महिन्यांनी बाई वारल्या. अंत्यविधीला शेजारची सगळी चाळ आली होती, आणि आमच्यातले बरेच जण त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांत मी एक.

मला त्याची माफी मागायची होती. पण कशी मागणार? तीस-पस्तीस वर्षं तो आमच्यात होता आणि त्याच्या खुणांची भाषा आमच्यातल्या एकालाही येत नव्हती. त्यानं आमचे दोनशे चेहरे, दोनशे पुस्तकं पाठ केली होती. त्याच्या आईकडून मी दहा-बारा खुणा शिकलो. तेव्हा कळलं की त्यानं मंडळीतल्या प्रत्येकाला एक खूण दिलेली आहे. पाळकसाहेबांची खूण म्हणजे गळ्यातली पट्टी. बाईंची खूण म्हणजे डोक्यावरचा पदर. मी विचारलं, माझी कोणती? आई जरा घुटमळली. मग तिनं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून नोटा मोजल्या. ती माझी खूण. अजूनही तीच आहे. बदलेल अशी आशा आहे.

आता शेवटच्या बाकाकडं येतो.

पाचवीत मी या शाळेत आलो तेव्हा स्टेशनावरचा गँगमनचा पोरगा, नाव ख्रिस्ती, घरात मराठी आणि गावात निम्मी मुलं कानडी बोलणारी. पहिल्या दिवशी कोणी बाकावर सरकेना. मी दप्तर धरून उभाच. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं दप्तर खाली ठेवलं, सरकला आणि म्हणाला, "बा, कुंद्रु." ये, बस. मी कानडीत शिकलेले पहिले दोन शब्द ते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो आठवेल. बोलताना अडखळायचा. गणितात कच्चा. आठवीत नापास झाला आणि मग दिसला नाही. पण शिपाईमामा आजारी असले की तो रुळाचा तुकडा ठोकून तास कोण द्यायचं? तोच. शाळेत घड्याळ एकच, हेडमास्तरांच्या खोलीत. ते बघायला आत जायची हिंमत फक्त त्याची.

पुढं सात-आठ वर्षांनी, मला नवी नोकरी लागली होती, सोलापूर स्टेशनावर मी गाडीची वाट बघत होतो. डोक्यावर दोन पोती घेऊन तो समोरून आला. त्यानं मला ओळखलं. मी ओळखलं हेही त्याला कळलं. माझ्याबरोबर ऑफिसचे दोन साहेब होते. मी वर्तमानपत्र उघडलं.

एवढंच. पण घंटावाल्या माणसाचं प्रकरण झाल्यावर मला रात्री चर्च आठवायचं नाही, ते वर्तमानपत्र आठवायचं. मी त्याला शोधायला लागलो. त्याची बहीण गावात आहे. ती म्हणाली, तो विजापूरकडं गेला, वीटभट्टीवर होता, आता कुठं आहे ठाऊक नाही. अजून सापडलेला नाही.

मित्रहो, आपला व्हॉट्सॲपचा ग्रुप चांगला आहे. आजचा कार्यक्रम त्यामुळंच होऊ शकला, आणि संयोजकांनी घेतलेल्या कष्टांना मी मनापासून सलाम करतो. पण ग्रुपवर कोण आहे? जे दहावी झाले ते. त्यातही जे बरे निघाले ते. आठवीनंतर लग्न होऊन गेलेल्या मुली नाहीत. नापास होऊन गेलेले नाहीत. बापाबरोबर ऊसतोडीला जायचे म्हणून चार महिने शाळेत नसायचे ते नाहीत. पाचवीच्या हजेरीपटावर ते आपल्याबरोबर होते. सकाळी 'हजर' म्हणताना त्यांचा आवाज आपल्याइतकाच मोठा होता.

मी दोन सूचना करतो आणि थांबतो.

पहिली सूचना. आपण जी स्मरणिका काढणार आहोत तिच्यात दहावीत पहिले आलेल्यांचे फोटो जरूर छापा. पण पाचवीचा पूर्ण हजेरीपट छापा, अनुक्रमे, कोणतंही नाव न गाळता. शाळेकडं जुनी रजिस्टरं असतील, सरांनी मदत करावी ही विनंती. ज्यांच्याबद्दल आपल्याला काही माहीत नाही त्यांच्या नावापुढं जागा रिकामी राहू द्या. ती रिकामी जागा बघून कोणालातरी काहीतरी आठवेल.

दुसरी सूचना जरा अवघड आहे. आपण शाळेला मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून देणार आहोत. त्यासाठी वर्गणी गोळा झाली, सोलापूरच्या ठेकेदाराचा अंदाजही आला. मला आज सकाळी इथं चहा पिताना कळलं की आपल्या वर्गातला एकजण गवंडी आहे. इथून दोन मैलांवर राहतो. नववीत गेला. त्याला कार्यक्रमाला बोलावलेलं नाही. त्याला उद्या आपण बोलावू, शाल-श्रीफळ देऊ, खुर्चीवर बसवू, टाळ्या वाजवू. मी म्हणतो, ते नको. म्हणजे शाल द्या, पण आधी त्याच्या घरी जा आणि म्हणा, आमचं काम अडलंय, तू येऊन भिंत बघ. ठेकेदाराला जी मजुरी देणार ती त्याला रीतसर द्या. आणि तो जे सांगेल ते ऐका, कारण आपल्यातल्या एकालाही विटेवर वीट ठेवता येत नाही.

तो रागावलेला असेल. चाळीस वर्षं विचारलं नाही आणि आता काम निघालं म्हणून आलात, असं म्हणेल. म्हणू द्या. मला ते एका म्हाताऱ्या आईकडून ऐकावं लागलं. ऐकून माणूस मरत नाही.

आमच्या चर्चमध्ये आता घंटेला दोर आहे आणि शेजारी विजेचं बटणही आहे. प्रोजेक्टर आहे, दारात पुस्तकंही आहेत. तरुण मुलं हसतात, दोन्ही कशाला म्हणून. उपासना संपली की टेबलावर दोन-तीन पुस्तकं उरलेली असतात. संध्याकाळी ती मी किंवा पाळकसाहेब घेऊन जातो. कोणी गावाला गेलेलं असतं, कोणाला ताप असतो, कोणी आमच्यावर रुसलेलं असतं. जावं लागतं.

शेवटच्या बाकावरचा तो मुलगा कधीतरी सापडेल. तो या सभागृहाच्या दारात येऊन उभा राहील तेव्हा मी व्यासपीठावर असो की खाली, मला काय बोलायचं ते माहीत आहे. त्यानंच शिकवलेले दोन शब्द आहेत. बा, कुंद्रु.